अक्साफ्नोस म्हणजे अचानक

आमच्या शेजारच्या स्टीव्हकाकांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती शिडी धरायला. ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलला घर घेऊन आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, खोकी अजून फोडायची होती. कुंपणापलीकडून एक पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड माणूस म्हणाला, ‘‘जरा येता का? मला चढायचं आहे.’’ मला वाटलं, छपरावर चढून पन्हळीतली पानं काढायची असतील. गेले. बघते तर शिडी कसली, दोन पायऱ्यांचं स्टूल होतं ते, आणि बदलायचा होता पडवीतला बल्ब. ते स्टुलावर चढले, बल्ब बदलला, उतरले आणि घाम पुसत खुर्चीत बसले. ‘‘तू पूर्ण वेळ बघत होतीस ना?’’ मी म्हटलं, हो. ‘‘मग ठीक.’’

मी घरी येऊन नवऱ्याला, संजयला, सांगितलं की शेजार मिळाला तो भित्र्या भागूबाईचा. मिशा एवढ्या आणि जीव एवढासा.

पुढच्या काही महिन्यांत त्या जिवाचे एकेक नमुने बघायला मिळाले. काका बाथरूमची कडी लावत नसत. घरात पाहुणे असले तर आतून मोठ्याने गाणं म्हणत बसत, म्हणजे चुकून कुणी आत शिरू नये. रस्ता ओलांडायचा तर सिग्नल हिरवा झाल्यावरही आधी खांबावर हात ठेवून क्षणभर थांबत. माझी ईशा तेव्हा तान्ही होती. मी कौतुकाने म्हटलं, काका, घ्या ना हिला. तर ते आधी हिरवळीवर मांडी घालून बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि मग हात पुढे केले. उभ्याने मूल म्हणून त्यांनी कधी घेतलं नाही. ईशाच्याच वयाची त्यांची नात होती, एलेनी, तिलाही नाही. हसू आवरेनासं झालं की छातीवर तळहात दाबून धरत आणि हसू ओसरण्याची वाट बघत, एखाद्याला ढेकर येऊन जावा तसं. ‘‘सिगा सिगा,’’ म्हणत स्वतःलाच. सिगा म्हणजे हळू.

काका बोलत मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, मध्येच ग्रीकमध्ये. मला मधुरा न म्हणता मादूरा म्हणत. मी सगळं मराठीतच लिहिते आहे, नाहीतर त्यांचं इंग्लिश लिहिता लिहिता माझंच बिघडायचं. पण एक ग्रीक शब्द सांगायलाच हवा. त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. पहिल्या उन्हाळ्यात मी कुंपणाशी ठेवलेली तुळशीसारख्या पानांची एक कुंडी बघितली आणि विचारलं, ‘‘ही तुमचीच ना?’’ काका म्हणाले, ‘‘ने, ने.’’ मी थँक्यू म्हणून कुंडी उचलली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी उभे राहून त्या रिकाम्या जागेकडे आणि मग माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. खुलासा झाल्यावर छातीवर तळहात ठेवून इतका वेळ हसले की मीच घाबरले. कुंडी मात्र परत घेतली नाही. वर त्यांच्या वेलीची द्राक्षाची पानं दिली. त्यात ते भात भरून गुंडाळत, मी बेसन लावून वड्या केल्या. अळू काही प्रत्येक वेळी पेंडल हिलच्या भारतीय दुकानात मिळत नाही. काकांना ती द्राक्षाची अळूवडी इतकी आवडली की नंतर पानं आली की त्यांचा फोनच यायचा.

नाव स्ताव्रोस, त्याचं इथे स्टीव्ह झालं. आडनाव अक्साफ्नोस. ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं, कारण लेटरबॉक्सवर नव्हतं, दारावर नव्हतं, बस डेपोत नोकरीला होते तिथल्या कुणालाही ते धड माहीत नव्हतं. त्यांनी ते सांगितलं तेही माझ्या आडनावावरून. मी उकिडवे. अर्थ काय म्हणून विचारलं, तर मी गवतावर उकिडवी बसून दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. मग मी आमच्याकडचे पोटदुखे सांगितले, डोईफोडे सांगितले, आगलावे सांगितले. माझं माहेरचं आडनाव सातपुते, म्हणजे सात मुलगे असलेले, आणि घरात आम्ही सगळ्या बहिणीच, हेही सांगितलं.

‘‘गाव सगळीकडे सारखंच,’’ काका म्हणाले. ‘‘गावाला दुसरा धंदा नसतो. बसून नावं ठेवतं.’’

मराठीत आम्ही हेच म्हणतो, हे त्यांना कसं सांगावं मला कळेना.

मग त्यांनी मला ग्रीक आडनावं शिकवली. शेपटीवरून माणसाचा मुलूख कळतो, म्हणाले. अमुक शेपटी लागली की क्रीटचा, तमुक लागली की पार दक्षिणेचा. मी म्हटलं, आमच्यात ‘कर’ लागला की मागे गाव असतंच. बाईचं आडनाव वेगळं, हेही काकांनी सांगितलं. पुरुष अक्साफ्नोस, त्याची बायको नि मुलगी अक्साफ्नू, म्हणजे अक्साफ्नोसची. जशी मी उकिडव्यांची. इथल्या ऑफिसांना हे काही कळत नाही, बायकांनाही पुरुषाचंच आडनाव लावून मोकळे होतात.

‘‘पण अक्साफ्नोसचा अर्थ काय?’’

‘‘अचानक,’’ काका म्हणाले. ‘‘आमचा मूळपुरुष एका सकाळी धुक्यातून होडी घेऊन बेटावर आला. कुठून आला, कुणाला माहीत नाही. अचानक. म्हणून.’’

मला ते फार आवडलं. पुढे त्यांनीच कधीतरी संजयला सांगितलं की मूळपुरुष एकदम भडकायचा, म्हणून अचानक. आणि माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांना सांगितलं की त्याला म्हातारपणी एकाएकी मूल झालं, म्हणून. सासूबाई खूश. मी मनात म्हटलं, ह्या माणसाकडे एका आडनावाच्या तीन-तीन जन्मकथा आहेत, म्हणजे एकही खरी नाही.

आडनाव दुर्मीळ होतं यात शंका नाही. त्या बेटावर एका गावात, एका गल्लीत, एकाच घराण्याचं. ग्रीसमध्ये इतर कुठे सापडत नाही आणि ऑस्ट्रेलियात, काकांच्या शब्दांत, ‘‘सगळे अक्साफ्नोस एका जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि खुर्च्या उरतात.’’ तरी शोध चालूच असायचा. नवा ग्रीक माणूस भेटला की पहिला प्रश्न तोच. पूर्वी परगावी गेले की फोन बूथमध्ये शिरून डिरेक्टरी उघडायचे, ए अक्षर काढायचे आणि बोट फिरवत खाली यायचे. एकदा ॲडलेडला एक अक्साफ्नोस खरंच सापडला. काकांनी तिथल्या तिथे नाणी टाकून फोन लावला आणि विचारलं, ‘‘तुझे वडील कसे गेले?’’ पलीकडून फोन आपटला.

‘‘अहो, आधी कसा आहेस म्हणून विचारायचं!’’ मी म्हटलं.

‘‘ते नंतर,’’ काका गंभीरपणे म्हणाले.

खरा अर्थ मला कळला तो त्यांच्या भावाच्या श्राद्धाला. श्राद्ध हा माझा शब्द. त्यांच्यात त्या दिवशी उकडलेले गहू, साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे असं एकत्र करून चर्चमध्ये नेतात आणि मग वाटतात. काका वाटीभर घेऊन कुंपणाशी आले. मी चवीने खाल्लं, म्हटलं आमच्या गव्हाच्या खिरीची बहीण वाटते. मग विचारलं, भाऊ कशाने गेले?

मानोलिस त्यांच्याहून धाकटा. दोघं बरोबर बोटीने आले, बरोबर बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. एका रविवारी ग्रीक पोरांची फुटबॉलची मॅच होती. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता. मानोलिस एकटाच मधोमध उभा होता आणि पडला. सगळ्यांना वाटलं, नाटक करतोय.

‘‘वडील चर्चच्या अंगणात पडले,’’ काका म्हणाले. ‘‘आजोबा ऑलिव्हच्या झाडाखाली. त्यांचा भाऊ लग्नात नाचताना. होडीबिडी काही नाही, मादूरा. गावाने आमचं नाव ठेवलं ते आम्ही अचानक आलो म्हणून नाही. अचानक जातो म्हणून.’’

माझ्या हातात वाटी होती, तोंडात गहू होते. त्या स्टुलापासून ते भिंतीला पाठ टेकवून घेतलेल्या माझ्या पोरीपर्यंत सगळं एका क्षणात लख्ख दिसलं. हा माणूस भित्रा नव्हता. तो रोज सकाळी उठून, आज मी पडलो तर कुणाच्या अंगावर पडू नये, एवढाच विचार करून घराबाहेर पडत होता. मानोलिस गेला त्याच आठवड्यात त्यांनी बस चालवणं सोडलं. मागे बसलेल्या माणसांची भीती वाटायला लागली, म्हणाले. पुढे निवृत्तीपर्यंत डेपोत बस धुतल्या.

‘‘डॉक्टरांना दाखवलंत?’’

काकांनी हनुवटी वर केली आणि जिभेने च्यक केलं. ग्रीक माणसाचं ते ‘नाही’. त्यात पुढे बोलायला जागा नसते. डॉक्टर हो म्हणाला तर जगायचं कसं, आणि नाही म्हणाला तर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं होतं.

पण ह्या सगळ्या भीतीतून त्यांनी एक वाट शोधून काढली होती, आणि तिच्यावर त्यांचा देवाइतका भरवसा होता. ती वाट म्हणजे मुलगी. मारिया जन्मली तेव्हा हॉस्पिटलमधल्या ग्रीक बायकांनी त्यांची समजूत घातली, पुढच्या वेळी मुलगा होईल. काकांनी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि पुढची वेळ येऊच दिली नाही. माझ्या माहेरी एका मुलासाठी, नाव पुढे चालावं म्हणून, आम्हा बहिणींची रांग लागली. हा पहिला माणूस मी पाहिला ज्याला नाव पुढे चालायला नको होतं. मुलगी लग्न करेल, दुसऱ्या घरचं नाव लावेल आणि सुटेल. तिची पोरं तर त्या नावाची नसतीलच. आडनाव बुडेल आणि त्याच्याबरोबर ते जे काही आहे तेही बुडेल.

तोपर्यंत मात्र त्यांनी मारियाला फुलासारखी, म्हणजे एका जागी, ठेवली. पोहणं नाही, सायकल नाही, शाळेतले खेळ नाहीत. मारिया मला म्हणाली होती, ‘‘बाकीच्या मुली धावायच्या आणि मी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरून उभी.’’ ती चिडूनच मोठी झाली. मार्क कॉलिन्सशी लग्न ठरलं तेव्हा तिने वडिलांकडून वचन घेतलं, की ह्या भीतीचा एक शब्दही तिच्या घरात यायचा नाही, तिच्या पोरांच्या कानावर पडायचा नाही. काकांनी आनंदाने वचन दिलं. आता ती कॉलिन्स होती. आता बोलायचं कारणच काय?

म्हणून एलेनीला कसलीच आडकाठी नव्हती. मारियाचं घर जवळच स्कोफिल्ड्सला, दोघं नवराबायको कामावर, त्यामुळे शाळा सुटली की एलेनी आजोबांकडे, तिच्या पापूकडे. ती झाडावर चढायची, ट्रॅम्पोलिनवरून कोलांट्या मारायची आणि मोठी झाल्यावर धावायला लागली ती शाळेत पहिली यायला लागली. स्टुलाला घाबरणारे काका खुर्ची टाकून तिचं ते सगळं बघत बसत. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नाही. एलेनी कॉलिन्स. त्यांच्या दृष्टीने ती पोर त्या नावाच्या कुंपणाबाहेर जन्मली होती.

आणि मग ती दुपार आली.

माझी चाइल्डकेअरमधल्या नोकरीची शिफ्ट लवकर संपली होती. काकांच्या पडवीत बसून आम्ही द्राक्षाची पानं निवडत होतो. बोलता बोलता मी आमच्या लग्नाचं सांगत होते. आमच्यात नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही बदलतात. म्हणजे माझ्या वेळी तरी बदलत. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं आणि माहेरची वंदना सासरची मधुरा झाली.

काका एकदम खूश झाले. ‘‘पहिलंही? दोन्ही? वा! म्हणजे वंदनाला कुणी शोधायला आलं तर सापडणारच नाही!’’

‘‘कुणी नाही सापडत, काका,’’ मी हसत म्हटलं. ‘‘आईची शुगर तेवढी मला बरोबर सापडली. ती काही नाव विचारत नाही.’’

काकांच्या हातातली कात्री थांबली.

‘‘तुझ्या आईची?’’

‘‘हो. आजीलाही होती.’’

‘‘पण तू तर दुसऱ्या नावाची झालीस.’’

‘‘नाव बदललं, काका. रक्त कुठे बदलतं?’’

मी सहज बोलून गेले, जसं आपण रोज बोलतो. काकांनी कात्री खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला. मला वाटलं, तो क्षण आला, आता हे पडणार, आणि मी उठून त्यांचा दंड धरला. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते रस्त्याकडे बघत होते. तिच्या नि ईशाच्या शाळेचा ॲथलेटिक्स कार्निव्हल, म्हणजे शर्यतींचा दिवस, जवळ आला होता म्हणून एलेनी सराव करत होती. ती वळणावरून आली, आमच्यासमोरून केस उडवत गेली, हात हलवून ‘‘हाय पापू!’’ म्हणाली आणि दिसेनाशी झाली. ती परत दिसेपर्यंत मी काकांचा दंड धरूनच होते. ती दिसली. मग पुन्हा गेली.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. काकांनी मारियाला फोन केला. तिने विषय कळताच फोन ठेवला. ते संजयच्या गाडीतून स्कोफिल्ड्सला गेले, तर ती दारातच म्हणाली, ‘‘डॅड, यू प्रॉमिस्ड.’’ मी मध्ये पडून बघितलं. म्हटलं, मारिया, नुसतं फॅमिली डॉक्टरला विचार, एकदा तपासून घ्यायला काय जातं?

‘‘मधुरा, प्लीज, डोन्ट यू स्टार्ट,’’ ती म्हणाली. ‘‘तुला माहीत नाही. ही भीती एकदा घरात शिरली की जात नाही. मी त्या घरात वाढले आहे. माझी मुलगी धावणार.’’

तिचं चूक होतं असंही मला म्हणता येईना. आणि एलेनीला सरळ सांगावं तर काकांची जीभ वळेना, कारण वचन. ती समोर आली की ते नुसते तिच्याकडे बघत राहायचे. ‘‘व्हॉट?’’ ती विचारायची. ‘‘टिपोता,’’ म्हणायचे, काही नाही. मी कुंपणापलीकडून बघायची आणि देवाचं नाव घ्यायची.

कार्निव्हलच्या सकाळी मी ईशाची विसरलेली टोपी द्यायला निघाले होते. गेटपाशी काका उभे. अंगावर चर्चला जायचा कोट, केस विंचरलेले.

‘‘मला घेऊन चल.’’

मैदानावर पोचलो तर मुलींची मोठी शर्यत लागत होती, मैदानाला दोन फेऱ्या. एलेनी कुठल्या तरी रेषेवर उड्या मारत अंग सैल करत होती. काका तडक खेळाच्या शिक्षकाकडे गेले. हार्ट, फॅमिली, स्टॉप, असं काहीबाही बोलले. तो तरुण शिक्षक हातात शिट्टी, काखेत भोंगा, चारी बाजूंनी पोरांनी वेढलेला. त्याने काकांच्या खांद्यावर थोपटलं. ‘‘शील बी राइट, मेट, काही होत नाही. बसा, एन्जॉय करा.’’ आणि बार झाला.

पहिल्या फेरीत ती पहिल्या तिघींत होती. मी दोरीला धरून उभी होते. शेजारी काका, एक हात खांबावर. माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. प्रत्येक पाऊल पडलं की वाटायचं, हे पडलं, पुढचं पडेल ना? दुसरी फेरी सुरू झाली. ती पलीकडच्या वळणावर गेली आणि मला जाणवलं की शेजारी कुणी नाही.

काका दोरीखालून आत शिरले होते आणि मैदान मधोमध कापत धावत होते.

ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, तो कोट उडवत, हात पसरून धावत होता. पोरांनी एकच गिल्ला केला. ‘‘गो, ग्रँडपा! गो!’’ टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना गंमत वाटली. मी किंचाळत होते, काका थांबा, काका पडाल, पण मराठीत, त्यामुळे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो दुसरा, कधी न पाहिलेला मानोलिस होता, मैदानाच्या मधोमध.

एलेनीने आवाज ऐकून मान वळवली. तिला ते दिसले. ती ट्रॅक सोडून आत आली. रागाने आली असेल, लाजेने आली असेल, सगळी शाळा बघत होती. पण जवळ आल्यावर तिची चाल बदलली. काकांनी तिची दोन्ही मनगटं धरली आणि गुडघ्यांवर बसले. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती त्यांच्यासमोर बसली होती आणि विचारत होती, ‘‘पापू, यू रॅन. व्हाय डिड यू रन?’’

परतीच्या वाटेवर ती दोघं मागच्या सीटवर होती. मी त्यांना घेऊन निघताना शिक्षकाला सांगितलं आणि मारियाला फोन केला. गाडीत काकांनी तिला अखेर सगळं सांगितलं. वचन मोडलं. मानोलिस, वडील, आजोबा, आडनाव. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. मला वाटलं, आता ती हसेल, किंवा म्हणेल, दॅट्स सो रँडम. ईशा म्हणाली असती.

‘‘समटाइम्स इट गोज फनी,’’ ती म्हणाली. ‘‘छातीत. लाइक अ फिश. मग सगळं काळं होतं आणि परत येतं. आय डिडन्ट टेल मम. शी हेट्स दॅट स्टफ.’’

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागे काका ग्रीकमध्ये पुटपुटत होते आणि ती पोर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

तपासण्या झाल्या. एलेनीला ते, हृदयाचा ठोका एकाएकी चुकवणारं पिढीजात दुखणं, होतं. मारियाला होतं. काकांनाही होतं, सगळा जन्म ते बरोबर घेऊन हिंडले होते, आणि नशिबानेच वाचले, असं डॉक्टर म्हणाले. नाव बदललेलं त्या आजाराच्या गावीही नव्हतं. एलेनीच्या कातडीखाली, गळ्याच्या हाडाजवळ, एक लहानशी डबी बसवली. हृदय चुकलं तर ती डबी त्याला धक्का देऊन ताळ्यावर आणते. शर्यती बंद झाल्या. मारिया एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आयुष्यभर मी त्यांच्या भीतीवर चिडले. आता ती माझी आहे. रोज सकाळी तिच्या खोलीचं दार उघडेपर्यंत.’’ मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार? खरं सांगायचं तर तेव्हापासून ईशा उठायला उशीर करते तेव्हा मीही दाराशी जाऊन तिच्या श्वासाचा कानोसा घेते.

एलेनी अठरा वर्षांची झाली आणि तिने आईबापांना न विचारता आडनाव बदललं. कॉलिन्सचं अक्साफ्नोस. काकांना कळलं तेव्हा ते रडले, भांडले, तिच्यापुढे हात जोडले. ‘‘ते नाव संपवायला मी आयुष्य घालवलं,’’ म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘पापू, तुम्ही आपली माणसं शोधत होतात ना? तसं दुसरं कुणी शोधत असेल. नावच नसलं तर आपण त्यांना सापडणार कसे?’’ पण काकांची भीती असल्या उत्तराने जाणारी नव्हती.

काका गेले तेव्हा आम्ही सुट्टीला पुण्यात होतो. न्यूमोनिया झाला, बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते, सगळ्यांना भेटले, सगळ्यांशी बोलले आणि सावकाश गेले. त्यांच्या घराण्यात असं मरण त्यांच्याआधी कुणाला आलं असेल असं वाटत नाही. मारियाने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि मधूनच हसतही होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी, हार्ट क्लिनिकमध्ये. एलेनीच्या डबीची तपासणी होती. आजोबा-नात दोघांनाही गाडी चालवायची परवानगी नव्हती, मारियाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मी घेऊन गेले होते. आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. एलेनी फोनमध्ये, काका चर्चचा कोट घालून, टोपी मांडीवर.

दार उघडलं आणि नर्सने वाचता येईल तसं वाचलं, ‘‘ॲक्सॅफ-नॉस?’’

दोघंही उठली.

नर्स गोंधळली. ‘‘सॉरी, तुमच्यापैकी कोण?’’

‘‘मी,’’ काका म्हणाले. त्यांनी एलेनीची बाही धरून तिला खाली बसवायला ओढली. ‘‘ही नाही. मी.’’

‘‘पापू, इट्स मी.’’ तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, त्यांच्या गालावर ओठ टेकले आणि आत गेली. दार लागलं.

काका उभेच होते. मी म्हटलं, ‘‘काका, बसा. वेळ लागेल तिला.’’

त्यांनी हनुवटी वर केली, जिभेने च्यक केलं. नजर दारावरून हलवली नाही.

‘‘पुन्हा हाक मारली तर?’’ ते म्हणाले.